मोबाइलच्या पडद्यावरील मराठी : कार्यप्रणाली, इंटरफेस-रचना आणि पूरक साधने यांची तौलनिक समीक्षा
(विशेष संदर्भ : यवतमाळ जिल्हा)

प्रस्तावना

स्मार्टफोनची समीक्षा सामान्यतः प्रक्रियकाचा वेग, कॅमेऱ्याची क्षमता, बॅटरीचे आयुष्य आणि किंमत या चार निकषांवर केली जाते. ही समीक्षा ग्राहकाला उपयोगी पडते; परंतु ती भाषेविषयी जवळजवळ मौन पाळते. वस्तुतः स्मार्टफोन हे आज मराठी माणसाच्या हाती सर्वाधिक वेळ असणारे वाचनसाहित्य आहे. जो मनुष्य वर्षभरात एकही पुस्तक उघडत नाही, तोही दिवसातून अनेकदा 'पुढे', 'रद्द करा', 'अनुमती द्या' हे शब्द वाचतो आणि त्यांवर बोट ठेवून निर्णय घेतो. हे शब्द कोणी लिहिले, ते कोणत्या मराठीत लिहिले आणि ते वाचणाऱ्याला खरोखर कळतात काय, हे प्रश्न भाषेच्या अभ्यासकांनी विचारावयास हवेत.

यवतमाळ जिल्ह्याच्या संदर्भात हे प्रश्न अधिक तीव्र होतात. सोळा तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रमाण मराठीबरोबर वऱ्हाडी बोलली जाते; तांड्यांवर गोरबोली, तर केळापूर, झरी-जामणी, मारेगाव, घाटंजी या भागांत गोंडी व कोलामी बोलल्या जातात. हा जिल्हा कापसाचा आहे आणि कापूस उत्पादकाचे शासनाशी असलेले व्यवहार झपाट्याने मोबाइलवर आले आहेत. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर लागू झालेल्या ई-पीक पाहणीत शेतकऱ्याने स्वतःच्या शेतात उभे राहून पिकाचे छायाचित्र नोंदवावे, अशी अपेक्षा आहे. २०२५-२६ च्या हंगामात भारतीय कापूस महामंडळाने हमीभावाच्या खरेदीसाठी 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी आवश्यक केली. याचा अर्थ असा की, मोबाइलच्या पडद्यावरील एखादे वाक्य न कळणे ही आता केवळ गैरसोय राहिलेली नसून तिचा संबंध थेट सातबाऱ्यावरील नोंदीशी आणि कापसाच्या भावाशी जोडला गेला आहे.

समीक्षेचा निकष

प्रस्तुत लेखात एकच निकष मध्यवर्ती मानला आहे : मराठी वाचता येणाऱ्या परंतु इंग्रजी न येणाऱ्या व्यक्तीला आपला फोन दुसऱ्याच्या हाती न देता आपले काम पुरे करता येते काय? फोन दुसऱ्याच्या हाती देणे म्हणजे व्यवहारात आपला ओटीपी, आपले बँक खाते आणि आपली संमती दुसऱ्याच्या हाती देणे होय. या निकषावर अँड्रॉइड, आयओएस आणि भारतात घडलेले काही पर्यायी प्रयोग यांची तुलना पुढे केली आहे.

कार्यप्रणाली आणि मराठीचा प्रवेश

पहिला आयफोन २००७ मध्ये आणि अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये बाजारात आला. प्रारंभीच्या अँड्रॉइडवर देवनागरी मजकूर एकतर रिकाम्या चौकोनांच्या रूपात दिसे किंवा मोडून दिसे. देवनागरी ही अक्षरे केवळ एकापुढे एक मांडून तयार होणारी लिपी नाही. 'दिग्रस' हा शब्द साठवताना आधी 'द' आणि मग ऱ्हस्व वेलांटी साठवली जाते. परंतु दाखवताना ती वेलांटी 'द'च्या डावीकडे न्यावी लागते आणि 'ग' व 'र' यांचे जोडाक्षर घडवावे लागते. ही घडण कार्यप्रणालीने केली नाही, तर गावाचे नावही वाचता येत नाही. अँड्रॉइडच्या पुढील आवृत्त्यांत हा दोष दूर झाला आणि २०१४ मध्ये आलेल्या पाचव्या आवृत्तीत मराठी ही संपूर्ण इंटरफेसची भाषा म्हणून उपलब्ध झाली.

आयओएसचा प्रवास याहून संथ झाला. तिच्यावर देवनागरीची अक्षरघडण तुलनेने लवकर निर्दोष झाली, मराठी कळफलकही मिळाला; परंतु फोनची स्वतःची भाषा म्हणून मराठी निवडण्याची सोय मार्च २०२५ मधील १८.४ या आवृत्तीपर्यंत आली नाही. त्या वेळी मराठीबरोबर बंगाली, गुजराती, तमिळ आदी एकूण दहा भाषांचा समावेश झाला. म्हणजे दोन प्रणालींत दहा वर्षांहून अधिक अंतर राहिले. लिपी सुंदर दाखवणे आणि भाषेला प्रवेश देणे या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत, हे या अंतरावरून स्पष्ट होते. आयओएसने पहिली गोष्ट आधी साधली आणि दुसरीकडे दीर्घकाळ दुर्लक्ष केले.

तथापि अँड्रॉइडला झुकते माप देण्यापूर्वी एक बाब लक्षात घेणे आवश्यक आहे. आयओएसची १८ वी आवृत्ती २०१८ साली आलेल्या आयफोनवरही चालते. त्यामुळे मराठी उशिरा आली तरी ती सात वर्षे जुन्या फोनवरही पोहोचली. अँड्रॉइडचे स्वस्त फोन मात्र बहुधा दोन-तीन वर्षांतच अद्ययावत आवृत्तीला मुकतात. सात वर्षे अद्यतने देण्याचे आश्वासन गुगल व सॅमसंग यांनी २०२३-२४ पासून दिले, ते त्यांच्या महागड्या फोनांपुरते. भारतीय बाजारात अँड्रॉइडचा वाटा नव्वद टक्क्यांच्या वर असला, तरी त्या आकड्यात नवा आणि जुना, सुरक्षित आणि असुरक्षित असा सगळाच अँड्रॉइड सामावलेला आहे.

पर्यायी प्रयोग

या दोन बलाढ्य प्रणालींखेरीज झालेले प्रयोग मराठीच्या दृष्टीने उद्बोधक आहेत. मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेत शिकलेल्या राकेश देशमुख आदी तरुणांनी उभारलेली 'इंडस ओएस' ही अँड्रॉइडवर आधारित प्रणाली २०१५ पासून मायक्रोमॅक्सच्या काही फोनांवर आली. इंग्रजी संदेशावर बोट फिरवताच तो मराठीत किंवा अन्य भारतीय भाषेत उमटावा, ही तिची कल्पना होती. भारतीय भाषा ही भाषांतराची अखेरची पायरी न मानता रचनेचा पाया मानण्याचा हा प्रयत्न होता. प्रणाली म्हणून तो टिकला नाही. पुढे ही कंपनी फोनपेकडे गेली आणि तिचे नाव २०२४ मध्ये सुरू झालेल्या 'इंडस ॲपस्टोअर'मध्ये उरले.

दुसरा प्रयोग जिओफोनचा. २०१७ मध्ये दीड हजार रुपयांच्या अनामतीवर आलेल्या या फोनमध्ये कायओएस ही प्रणाली होती आणि ती मोझिलाच्या बंद पडलेल्या फायरफॉक्स ओएसच्या पायावर उभी होती. स्पर्शपडद्याऐवजी बटणे हे तिचे वैशिष्ट्य. मातीने भरलेल्या किंवा ओल्या बोटाला स्पर्शपडदा दाद देत नाही, बटण देते. शेतात काम करणाऱ्याच्या हाताचा विचार या जुन्या वाटणाऱ्या रचनेत अधिक होता. परंतु बहुसंख्य शासकीय ॲप अँड्रॉइडसाठी तयार झाल्यामुळे तिचा उपयोग संभाषण व मनोरंजन यांपुरता राहिला.

इंटरफेसची मराठी

मराठी उपलब्ध झाली, यावर समीक्षा थांबू शकत नाही. ती कोणती मराठी आहे, हे पाहणे क्रमप्राप्त आहे. गुगलच्या मराठी इंटरफेसमध्ये फाइल नष्ट करण्यासाठी 'हटवा' हे क्रियापद येते. मराठीत 'हटवणे' म्हणजे जागेवरून दूर करणे. अतिक्रमण हटवतात, अडथळा हटवतात. लिहिलेले पुसतात आणि नको असलेले काढून टाकतात. 'हटवा' वाचून छायाचित्र केवळ दुसरीकडे जाईल असे कोणी समजला, तर तो मराठीच्या अर्थाला धरूनच चालला असे म्हणावे लागेल. 'अनुमती द्या' या ठिकाणी कोर्टकचेरीपासून शाळेपर्यंत रूढ असलेला 'परवानगी' हा शब्द का नाही, याचे उत्तर मिळत नाही. 'डिसमिस करा' तर ना मराठी, ना बोलीत रुळलेले इंग्रजी. यवतमाळच्या बाजारात 'डिसमिस' हा शब्द नोकरीवरून काढलेल्या माणसाविषयी वापरतात.

शब्दांहून गंभीर दोष वाक्यरचनेचा आहे. इंटरफेसमधील वाक्ये साच्यात घडवलेली असतात. नावाची जागा मोकळी ठेवून पुढे ठरावीक शब्द जोडले जातात. इंग्रजीत नाम बदलत नाही, म्हणून तेथे ही युक्ती चालते. मराठीत विभक्तिप्रत्यय लागण्यापूर्वी नामाचे सामान्यरूप होते. पांढरकवड्यात पाऊस पडतो, दारव्ह्यात पडतो, वणीत पडतो. साचा मात्र 'पांढरकवडा मध्ये', 'दारव्हा मध्ये', 'वणी मध्ये' असे लिहितो आणि शब्दयोगी अव्ययही तोडून ठेवतो. शाळेतील मूल असे वाक्य वहीत लिहिते तेव्हा शिक्षक ते दुरुस्त करतात. पडद्यावर तेच वाक्य ते मूल दिवसभर वाचते. या दोषाचे मूळ अनुवादकाच्या अज्ञानात नसून साच्याच्या रचनेत आहे. अनुवादकाला सुटा शब्द हाती मिळतो, वाक्य मिळत नाही.

अक्षरांच्या पातळीवरही असेच घडते. 'ॲ' हे मराठीचे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली स्वतंत्रपणे दाखल झाले. तोवर 'अ'वर चंद्र ठेवून ते लिहिले जाई. दोन्ही रूपे दिसायला जवळजवळ सारखी, परंतु यंत्राला भिन्न. 'वऱ्हाड' या शब्दातील अर्धा 'र' हाही दोन प्रकारे साठवता येतो. एका पद्धतीने लिहिलेला 'वऱ्हाड' दुसऱ्या पद्धतीने शोधला असता, शोधयंत्रणेने दोहोंचा मेळ घातला नसेल, तर सापडत नाही. ज्या प्रदेशाच्या नावातच हे अक्षर आहे, त्या प्रदेशाच्या अभ्यासकांना ही बाब क्षुल्लक म्हणून सोडून देता येणार नाही.

श्रेय देण्याजोगी एक गोष्टही नोंदवावयास हवी. संगणकीय संकेतांच्या 'सीएलडीआर' या आंतरराष्ट्रीय संग्रहात मराठीसाठी देवनागरी अंक हे मूळ अंक म्हणून नोंदवलेले आहेत. हिंदीसाठी मात्र तेथे रोमन वळणाचे अंक आहेत. त्यामुळे मराठी निवडताच अनेक ठिकाणी तारीख-वेळ देवनागरी अंकांत दिसते.

कळफलक : लिहिण्याची वाट

कळफलकाच्या क्षेत्रात सर्वांत मौलिक काम महाराष्ट्रातच झाले. भारतीय तंत्रज्ञान संस्था, मुंबई येथील औद्योगिक अभिकल्प केंद्रात अनिरुद्ध जोशी यांच्या मार्गदर्शनाखाली विकसित झालेला 'स्वरचक्र' हा कळफलक २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. व्यंजनावर बोट ठेवताच त्याभोवती स्वरचिन्हांचे चक्र उघडते. बोट सरकवले की 'का', 'कि', 'की' उमटते. पहिल्या इयत्तेत घोकलेली बाराखडी हीच येथे इंटरफेस बनते. शासनमान्य इनस्क्रिप्टही बाराखडीच्या तर्कावर आधारलेला आहे. परंतु तो टंकलेखनाच्या मोठ्या कळफलकासाठी घडला. रोमन अक्षरांतून मराठी लिहिण्याची पद्धत आज सर्वाधिक रूढ आहे, पण ती इंग्रजी वर्णमाला येणे गृहीत धरते. ज्याला इंग्रजी येत नाही त्याच्यासाठी मराठीचे दार इंग्रजीतून उघडणे, हा विरोधाभास होय.

२०१७ पासून गुगलने मराठीत बोलून लिहिण्याची सोय दिली. तिने कळफलकाचा प्रश्न पुष्कळ अंशी सोपा केला; तथापि ही सोय प्रमाण मराठीकडे झुकलेली आहे. 'करून राह्यलो' म्हणणाऱ्या वऱ्हाडी वक्त्याला फोनशी बोलताना आपली बोली बाजूला ठेवावी लागते. कोलाम पोडावरील आणि तांड्यावरील माणसाची अडचण त्याहून मोठी. गोंडीसाठी मसराम व गुंजाळा या लिप्यांना युनिकोडमध्ये अनुक्रमे २०१७ व २०१८ मध्ये स्थान मिळाले आणि केंद्रीय जनजाती मंत्रालयाच्या २०२५ मधील 'आदि वाणी' या भाषांतर-ॲपमध्ये गोंडीचा समावेश झाला. कोलामी मात्र त्यात नाही. मराठीने इंग्रजीकडे जी तक्रार करावी, तीच कोलामीला मराठीकडे करावी लागते.

पूरक साधने

चार्जर, पॉवर बँक, इअरफोन, आच्छादन यांना समीक्षेत दुय्यम स्थान मिळते. यवतमाळच्या हवामानात ती दुय्यम नाहीत. ॲपल आपल्या फोनच्या वापरासाठी ० ते ३५ अंश सेल्सिअस तापमान सांगते. येथील एप्रिल-मे महिन्यांत पारा चाळिशीच्या वर असतो. अशा उन्हात जाड रबरी आच्छादन फोनमधील उष्णता कोंडते आणि झळाळी पडद्यावरील मजकूर झाकते. २०२३ मध्ये आयफोननेही यूएसबी टाइप-सी स्वीकारल्याने एकच चार्जर घरातील सर्व फोनांना चालू लागला, ही या क्षेत्रातील खरी लोकोपयोगी घटना. इअरफोनचे महत्त्व वेगळे आहे. ज्याला वाचता येत नाही त्याला फोन मजकूर वाचून दाखवू शकतो. परंतु बँकेतील शिल्लक चारचौघांत मोठ्याने ऐकावी लागू नये, यासाठी शंभर रुपयांचा इअरफोन म्हणजे निरक्षर माणसाचा खाजगीपणा होय.

समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात. प्रवेशाच्या बाबतीत अँड्रॉइड मराठीला अधिक लवकर सामोरी गेली. टिकाऊपणात आयओएस सरस आहे. भारतीय भाषेच्या स्वभावातून रचना करण्याचे धाडस मात्र 'इंडस ओएस' आणि 'स्वरचक्र' यांनी दाखवले. मध्यवर्ती निकषावर तिन्ही अपुऱ्या पडतात. ई-पीक पाहणीसाठी अजूनही अनेकांचे फोन गावातील एखाद्या शिकलेल्या मुलाच्या हाती जातात.

२०१७ च्या हंगामात याच जिल्ह्यात कीटकनाशक फवारताना विषबाधा होऊन माणसे दगावली. वेष्टनावरील सूचना वापरणाऱ्याला वाचता येण्याजोग्या नसतात, ही बाब तेव्हा चर्चेत आली होती. सूचना छापलेली असणे आणि ती पोहोचणे यांतील अंतर जिल्ह्याने अनुभवलेले आहे. कागदावरचे ते अंतर आता पडद्यावर आले आहे.

हे अंतर कमी करण्याचे काम केवळ अभियंत्यांचे नाही. संगणकावर वारंवार येणाऱ्या शब्दांचे भाषावार प्रमाणीकरण करण्यासाठी रेड हॅटच्या पुढाकाराने २००८ मध्ये 'फ्युएल' हा खुला प्रकल्प सुरू झाला. मोझिलाच्या मराठीकरणातही स्वयंसेवकांचा मोठा वाटा राहिला. अशा कामात महाविद्यालयीन मराठी विभागांची उपस्थिती तुरळकच दिसते. अँड्रॉइडच्या मूळ संहितेतील मराठी वाक्ये कोणालाही वाचण्यास खुली आहेत. पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रकल्पासाठी त्यांतील पाचशे वाक्ये घेऊन अर्थ, सामान्यरूप आणि बोलीतील आकलन या अंगांनी तपासणे सहज शक्य आहे. ९२ वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन २०१९ मध्ये यवतमाळला झाले आणि ३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. या दोन्ही गोष्टींचा अभिमान सार्थ आहे. 'हटवा' या शब्दाजागी 'काढून टाका' यावे यासाठी केलेला पाठपुरावा तितकासा गौरवाचा वाटणार नाही. परंतु मराठीच्या सर्वाधिक वाचकांपर्यंत पोहोचेल तो तोच.