चकाकी कोणाची? लघुमूर्तींवरील धातुरंग आणि धातुभास : एक चिकित्सा

प्रास्ताविक

लघुमूर्ती रंगविण्याचा छंद युरोप-अमेरिकेत गेल्या अर्धशतकात चांगलाच रुजला असून त्याला स्वतःच्या स्पर्धा, स्वतःचे शिक्षक आणि स्वतःचा टीकाव्यवहारही लाभला आहे. या मूर्ती बहुधा २८ ते ७५ मिलिमीटर उंचीच्या असून त्या मिश्रधातूच्या, रेझिनच्या किंवा प्लास्टिकच्या असतात. विषय पुष्कळदा लढवय्यांचे असतात. त्यामुळे तलवार, शिरस्त्राण, चिलखत, ढाल अशा कोणत्या ना कोणत्या रूपाने धातू मूर्तीच्या अंगावर असतोच. हा धातू कसा दाखवावा, याविषयी रंगविणाऱ्यांत दोन पक्ष आहेत. पहिला पक्ष चमकणारे कण असलेला मेटॅलिक रंग वापरतो. दुसरा पक्ष असा रंग कटाक्षाने टाळतो आणि पिवळी माती, तपकिरी, करडा, पांढरा अशा साध्या, निस्तेज रंगांच्या छायाप्रकाशातून चकाकीचा आभास निर्माण करतो. तिकडील मंडळी या दुसऱ्या रीतीला 'नॉन-मेटॅलिक मेटल' म्हणतात. प्रस्तुत लेखात पहिल्या रीतीस 'धातुरंग' आणि दुसरीस 'धातुभास' अशा संज्ञा वापरल्या आहेत.

हा वाद वरवर पाहता छांदिष्टांचा खासगी मामला वाटेल. तथापि त्यामागे कलासमीक्षेतील एक जुना प्रश्न आहे. कलाकृतीतील प्रकाश कोणाच्या ताब्यात असावा, कलावंताच्या की पाहणाऱ्याच्या? इंग्रजीत लघुमूर्ती आणि लघुचित्र या दोहोंसाठी 'मिनिएचर' हा एकच शब्द आहे. तो लॅटिन 'मिनिअम्' म्हणजे शेंदूर या शब्दावरून आला आहे. आपल्याकडील लघुचित्रांनीही हाच प्रश्न आपल्या परीने सोडविलेला असल्याने त्यांचा दाखला या चर्चेत उपयोगी पडेल.

आल्बेर्तीचा आक्षेप

या वादाची पहिली सुस्पष्ट मांडणी पंधराव्या शतकातील इटलीत आढळते. तोपर्यंत चित्रफलकावर सोन्याचा वर्ख चढविणे हे चित्रकाराच्या नित्याच्या कामापैकी एक होते. चेन्निनो चेन्निनी याने सुमारे १४०० मध्ये लिहिलेल्या हस्तपुस्तिकेत वर्ख लावण्याची आणि तो घोटून चमकविण्याची कृती तपशिलाने दिली आहे. लेओन बात्तिस्ता आल्बेर्ती याने १४३५ च्या आपल्या चित्रकलाविषयक ग्रंथात या प्रथेला हरकत घेतली. व्हर्जिलच्या काव्यातील डिडो राणीचा भाता, केशबंध आणि वस्त्रावरील पिन सोन्याची असली, तरी चित्रकाराने ती सोन्याने न रंगविता रंगांनीच सोन्याची झळाळी दाखवावी, असे त्याचे मत होते. त्यात चित्रकाराचे कौशल्य अधिक दिसते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण अधिक मूलगामी आहे. सपाट फलकावर खरे सोने लावले, तर जे भाग काळोखे दिसावयास हवेत ते पाहणाऱ्याच्या जागेनुसार उजळतात आणि जे उजळावयास हवेत ते काळवंडतात. चित्रकाराने ठरविलेली प्रकाशाची व्यवस्था त्यामुळे मोडते.

आजच्या धातुभासवाद्यांचा सारा युक्तिवाद बीजरूपाने येथे आहे. मात्र आल्बेर्ती हे सपाट फलकाविषयी, म्हणजे एका ठरावीक जागेवरून पाहावयाच्या चित्राविषयी बोलत होता. चित्राच्या चौकटीवरील वा वास्तुसजावटीवरील खऱ्या सोन्याला त्याची हरकत नव्हती. त्याचे म्हणणे लघुमूर्तीला लागू करताना ही अट सहसा विसरली जाते, आणि सध्याच्या वादातील गोंधळाचे मूळ या विसरण्यात आहे.

दोन्ही अनुकरणेच

'धातुरंग प्रामाणिक, धातुभास कृत्रिम' किंवा 'धातुरंग ही पळवाट, धातुभास ही कला' अशी दोन टोकाची विधाने वारंवार ऐकू येतात. दोन्ही तपासून घेतली पाहिजेत.

घोटलेल्या धातूला रोजच्या अर्थाने स्वतःचा रंग फार थोडा असतो. आपल्याला दिसते ते त्यात पडलेले भोवतालचे प्रतिबिंब. सोने वा तांबे त्यावर आपली छटा चढविते, एवढेच. म्हणूनच धातूवर लख्ख उजेड आणि गडद काळोख अगदी शेजारी-शेजारी येतात. मेटॅलिक रंगात ॲल्युमिनियमचे, पितळेसारख्या मिश्रधातूचे किंवा लेप दिलेल्या अभ्रकाचे सूक्ष्म पापुद्रे असतात. प्रत्येक पापुद्रा आरशासारखा असला, तरी ते सारे एका पातळीत बसत नाहीत. त्यामुळे प्रतिबिंब विस्कटते आणि आरशाऐवजी एक पसरट लकाकी मिळते. तात्पर्य, धातुरंग म्हणजे धातू नव्हे. तेही एक अनुकरणच होय. गंमत अशी की मूळ मूर्ती कित्येकदा धातूचीच असते. आधी अस्तर देऊन तो धातू झाकावयाचा आणि मग त्यावर धातू रंगवावयाचा, असा हा व्यवहार आहे. तेव्हा प्रामाणिकपणाचा मुद्दा येथे निकालात निघतो.

यात प्रमाणाची अडचणही आहे. २८ मिलिमीटरची मूर्ती म्हणजे पुरुषभर उंचीच्या माणसाचा सुमारे साठावा हिस्सा. रंगातील पापुद्रा २० मायक्रॉनचा धरला, तर त्या मापाने तो खऱ्या तलवारीवरील १.२ मिलिमीटरच्या कणाएवढा होतो. घोटलेल्या पात्यावर असा रवाळपणा कोणी पाहिलेला नसतो. मूर्ती लहान करता येते, परंतु प्रकाश आणि रंगाचा कण त्या प्रमाणात लहान होत नाहीत.

धातुभासाच्या बाजूचा सर्वांत सबळ मुद्दा यापुढचा आहे. धातू भोवताल दाखवितो, हे मान्य केले तर धातुरंगाने रंगविलेले चिलखत कोणता भोवताल दाखवील? ते खोलीतला दिवा आणि खिडकीचा उजेड दाखवील. त्या सरदाराच्या माथ्यावरचे आभाळ आणि पायाखालची रणभूमी दाखविणार नाही. धातुभास रंगविणारा मात्र वरच्या अंगाला आकाशाची निळसर झाक, खाली मातीची तपकिरी आणि मध्ये क्षितिजाची गडद रेघ देऊन मूर्तीला तिचे स्वतःचे जग देऊ शकतो. कथेतील प्रकाश आणि खोलीतील प्रकाश यांत त्याने कथेची बाजू घेतलेली असते.

मूर्तीचा पेच

हा मुद्दा निर्णायक ठरला असता, जर मूर्ती एका जागेवरूनच पाहावयाची असती. परंतु लघुमूर्ती हातात घेतात, फिरवितात. खेळातली असेल तर टेबलाच्या चारही बाजूंनी पाहतात. धातूवरील उजळ ठिपका हा वस्तूचा गुण नाही. दिवा, पृष्ठभाग आणि डोळा या तिघांच्या नात्यातून तो उपजतो. डोळा सरकला की ठिपका सरकतो. धातुभासात तो ठिपका रंगाने खिळून ठेवलेला असतो. समोरून लखलखणारे पाते मूर्ती थोडी वळविताच पांढरे-करडे पट्टे ओढलेले पाते होऊन बसते. अशा वेळी धातूच्या जागी धातूचे चित्र उरते.

लघुमूर्तींच्या इतिहासात या नियमाची साक्ष मिळते. न्यूरेंबर्ग येथे एकोणिसाव्या शतकात हाइनरिक्सन यांच्या कारखान्यातून निघालेले ३० मिलिमीटरचे कथिलाचे सपाट सैनिक प्रसिद्ध आहेत. या सपाट मूर्तींना खोली जवळजवळ नसतेच. म्हणून त्यांच्या जाणत्या रंगकर्मींनी छायाप्रकाशाची चित्रकारी रीत अंगीकारली आणि तिथे रंगविलेला धातू शोभतो. याउलट इंग्लंडमध्ये विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने १८९३ पासून काढलेले पोकळ, गोलाकार सैनिक तकतकीत सपाट रंगांत, छायेविना रंगविले जात. मुलांच्या हातात फिरणाऱ्या सैनिकाला खऱ्या उजेडाखेरीज दुसरा उजेड नको होता. अमेरिकेतील शेपर्ड पेन (१९४६–२०१५) यांनी लोकप्रिय केलेला पेटीतील देखावा हे तिसरे उदाहरण. तेथे पाहण्याची खिडकी आणि आतला दिवा दोन्ही कलावंतानेच ठरविलेले असतात. त्यामुळे दोन्हींपैकी कोणतीही रीत निवडली, तरी परिणाम त्याच्या हाती राहतो.

छायाचित्राचा प्रभाव

मग हातात फिरविण्याच्या मूर्तींवरही धातुभासाला एवढी प्रतिष्ठा का लाभली? सन २००० च्या सुमारास राकाम या फ्रेंच कंपनीच्या 'कॉन्फ्रंटेशन' खेळातील मूर्तींनी ही रीत विशेष लोकप्रिय केली. तेव्हापासून स्पर्धांच्या वर्तुळात ती कौशल्याची कसोटी समजली जाऊ लागली. प्रस्तुत लेखकाच्या मते यामागे छायाचित्राचा मोठा वाटा आहे. बहुसंख्य रसिक नावाजलेल्या मूर्ती प्रत्यक्ष कधीच पाहत नाहीत; त्या नियतकालिकांत आणि संगणकाच्या पडद्यावर पाहतात. कॅमेरा पाहण्याची जागा गोठवितो, म्हणजे मूर्तीला पुन्हा आल्बेर्तीचा सपाट फलक करून टाकतो. छायाचित्रात धातुभास उठून दिसतो. धातुरंग मात्र कुठे मळकट तर कुठे भगभगीत येतो, कारण त्याचा जीव हालचालीत असतो आणि छायाचित्रात हालचाल नसते. धातुभास जिंकला तो ज्या मैदानावर जिंकला ते मूर्तीचे मैदान नव्हते.

त्यात दुसरा एक मूल्यगोंधळ मिसळला आहे. धातुभास अवघड आहे, यात शंका नाही. आठ-दहा छटांचे पातळ थर एकमेकांत विरघळवीत नेणे हे दीर्घ सरावाचे काम आहे. परंतु अवघड ते श्रेष्ठ, हे समीकरण कलाविचारात टिकत नाही. चित्रकाव्यातील अक्षरबंध सोडविणेही अवघडच असते; म्हणून त्याला कोणी उत्तम काव्य म्हटले नाही. परिश्रमाला गुण द्यावेत की परिणामाला, हा प्रश्न आपल्या वर्गात आणि परीक्षेतही रोज उभा राहतो. लघुमूर्तींच्या परीक्षकांनी त्याचे उत्तर पुष्कळदा परिश्रमाच्या बाजूने दिले आहे आणि त्यामुळे धातुरंगाने केलेल्या उत्तम कामाकडे काहीसे दुर्लक्ष झाले आहे.

भारतीय चित्रपरंपरेतील दाखला

आपल्याकडील लघुचित्रे भिंतीवर टांगण्यासाठी नव्हती. मुघल आणि दख्खनी दरबारांत ती पोथीत वा चित्रसंग्रहात असत आणि हातात धरून पाहिली जात. त्यांत चित्रकारांनी खरे सोने सढळ हाताने वापरले. सोन्याचा वर्ख खलून केलेला रंग लावून तो अकीकाने घोटीत; काही ठिकाणी सोन्याच्या पृष्ठावर सुईने बारीक टोचे देत, म्हणजे पान किंचित कलते केले की ते टोचे लुकलुकतात. आल्बेर्तीला जो दोष वाटला, तोच येथे गुण ठरला. बसोहली शैलीच्या चित्रकारांनी तर पाचूच्या जागी भुंगेऱ्यांच्या हिरव्या पंखांचे चकाकते तुकडे चिकटविले. या निवडीला काळाचा दंडही आहे. सोने टिकले, परंतु चांदीने रंगविलेली तळी आणि नद्या अनेक चित्रांत काळ्या पडल्या आहेत. पितळी कणांच्या आधुनिक रंगांनाही हे भय थोडेफार आहेच, धातुभासाला नाही.

मराठी वाचकाला जवळची अशी दोन उदाहरणे आणखी बोलकी आहेत. तंजावरच्या भोसले राजांच्या, विशेषतः दुसरे सरफोजी (कारकीर्द १७९८–१८३२) यांच्या काळात बहरलेल्या तंजावर चित्रांत उठावाच्या लेपावर सोन्याचा पत्रा आणि काचेचे खडे बसवितात. देवघरातील हलत्या ज्योतीपुढे ते सोने जिवंत होते. दुसरे उदाहरण राजा रविवर्मा (१८४८–१९०६) यांचे. तैलरंगाची पाश्चात्त्य रीत आत्मसात करून त्यांनी दागिने आणि जरीचे काठ पिवळ्या-तपकिरी छटांनी आणि नेमक्या उजळ ठिपक्यांनी रंगविले. हा शुद्ध धातुभास होय. मुंबईत १८९४ मध्ये निघालेल्या त्यांच्या छापखान्यातील चित्रे घरोघर गेली आणि तेथे एक लक्षणीय गोष्ट घडली. त्यांपैकी कित्येक चित्रांवर लोकांनी जर, टिकल्या आणि मणी चढविले. रंगविलेल्या सोन्यावर चमकणारे सोने लावले. यास केवळ अडाणी हौस म्हणणे योग्य नव्हे. देव्हाऱ्यात आल्यावर चित्राचे कार्य बदलले आणि त्या कार्याला दिव्याबरोबर हलणारी चकाकी हवी होती.

निष्कर्ष

वरील विवेचनावरून पुढील गोष्टी निष्पन्न होतात. धातुरंग आणि धातुभास यांत श्रेष्ठ-कनिष्ठ असा क्रम लावता येत नाही. कृती कोठून, कोणत्या उजेडात आणि कशासाठी पाहिली जाणार, यावर निवड ठरावी. सपाट मूर्ती, समोरून पाहावयाचे अर्धपुतळे आणि कथेचा स्वतंत्र प्रकाश मांडणारे देखावे यांना धातुभास अनुरूप आहे. हातात वा खेळात फिरणाऱ्या मूर्तीला धातुरंग अनुरूप आहे. मात्र तो बाटलीतून काढून तसाच फासणे पुरेसे नाही. खोलगट भागांवर निस्तेज रंगाचे पातळ हात देऊन तेथील चकाकी मारावी आणि कडांवर व फुगवट्यांवर ती राखावी. असे केल्यास छायेची व्यवस्था कलावंताकडे राहते आणि उजेडाची हालचाल पाहणाऱ्याकडे. हा मध्यम मार्ग अनेक रंगकर्मी वापरतात. परंतु त्याला तडजोड म्हणून कमी लेखले जाते, ते उचित नाही. एकाच मूर्तीवर दोन्ही रीती शेजारी-शेजारी ठेवणे मात्र सबळ कारणाविना टाळावे, कारण खऱ्या चकाकीशेजारी रंगविलेली चकाकी निष्प्राण भासते.

राहता राहिला परीक्षकांचा प्रश्न. मूर्तीचे मूल्यमापन छायाचित्रावरून न करता ती दिव्याखाली फिरवून करावे, एवढा एक पालट केला तरी या वादातील पुष्कळसा आवेश ओसरेल. ज्या वस्तूला चार बाजू आहेत, तिचा न्याय एका बाजूने करता येत नाही.