इंग्रजी क्रियापदे आणि ड्रायडनचा दंडक

वाक्याच्या अखेरीस शब्दयोगी अव्यय येणे हा दोष ड्रायडनने १६७२ साली बेन जॉन्सनच्या भाषेत दाखविला. स्वतःच्या १६६८ सालच्या नाट्यविषयक निबंधातील तशा रचनाही त्याने १६८४ च्या आवृत्तीत बदलल्या. लॅटिनला साजणारा हा दंडक इंग्रजीस सरसकट लागू पडत नाही. 'टॉक टु' मधील 'टु' वाक्यारंभी नेता येते. परंतु सहन करणे या अर्थाच्या 'पुट अप विथ' मध्ये 'अप' व 'विथ' क्रियापदाशी एकजीव झालेली असतात. ती दोन्ही पुढे नेल्यास वाक्य हास्यास्पद होते. केवळ अव्ययाचे स्थान पाहून विद्यार्थ्याचे वाक्य अशुद्ध ठरविणे अन्यायाचे आहे. शुद्धाशुद्धतेचा निर्णय क्रियापदाशी असलेल्या त्याच्या अर्थसंबंधावरूनच करणे युक्त होय.