निर्णय कोणाचा? तीन आत्मचरित्रांच्या निमित्ताने

मराठी स्त्रियांच्या आत्मचरित्रांवर आजवर पुष्कळ लिहिले गेले आहे. समाजचित्रण, भाषेचा घरगुती गोडवा आणि पतीच्या थोरवीचे दर्शन, यांवरच त्यात बहुधा भर असतो. संसारातील मोठे निर्णय कोणी घेतले, कोणाला विचारून घेतले, या अंगाने ही पुस्तके क्वचितच वाचली जातात. निवृत्तीनंतर तीन आत्मचरित्रे मी पुन्हा वाचली, ती याच प्रश्नासाठी.

रमाबाई रानडे यांचे ‘आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी’ १९१० साली प्रसिद्ध झाले. शीर्षकातील ‘आमच्या’ हा शब्द लक्षात घेण्याजोगा आहे. १८७३ साली विवाह झाला तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि तो विवाह न्यायमूर्तींच्या वडिलांच्या आग्रहाने झाला होता. म्हणजे सहजीवनाचा पहिला निर्णय दोघांपैकी एकाचाही नव्हता. पुढे पत्नीला शिकवावयाचे, हा निर्णय न्यायमूर्तींचा. परंतु त्यापायी घरातील वडीलधाऱ्या बायकांचा रोष सोसला तो रमाबाईंनी. निर्णय उदात्त असला तरी त्याची किंमत कोणी मोजली, हा प्रश्न उरतोच. रमाबाई तो विचारीत नाहीत. तपशील मात्र गाळीत नाहीत.

लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’त हा प्रश्न अधिक तीव्र होतो. रेव्हरंड टिळकांनी १८९५ च्या फेब्रुवारीत मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा पत्नी जवळ नव्हती. बातमी तिला मागाहून कळली. एका माणसाच्या सदसद्विवेकाने घेतलेल्या निर्णयाने दुसऱ्याचे घर, नातीगोती, सारेच पालटले. हातात आलेला पैसा दुसऱ्याच्या ओंजळीत टाकून मोकळे होण्याचा टिळकांचा स्वभावही असाच. घरातील चूल त्यांच्या हिशेबात येत नसे. या प्रसंगांतील विनोदाला आपले समीक्षक लक्ष्मीबाईंचा भोळेपणा म्हणत आले आहेत. मला ते मान्य नाही. तो विनोद म्हणजे अत्यंत चोख हिशेब आहे. त्या तक्रार करीत नाहीत, पण एकही नोंद चुकवीत नाहीत.

या पुस्तकाचे खरे मोल पुढच्या भागात आहे. लक्ष्मीबाईंनी पतीमागोमाग धर्म बदलला नाही. सुमारे पाच वर्षांनी, १९०० साली, स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या गतीने त्या त्या निर्णयापर्यंत पोहोचल्या. टिळकांनी तेवढा काळ वाट पाहिली, हेही त्यांच्या बाजूने नोंदवले पाहिजे. पहिला निर्णय एकट्याचा होता. दुसरा मात्र प्रतीक्षेमुळे दोघांचा झाला. टिळकांनी अपुरे ठेवलेले ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या पश्चात लक्ष्मीबाईंनी पुरे केले, ते या सहजीवनाला साजेसेच.

सुनीता देशपांडे यांच्या ‘आहे मनोहर तरी’मध्ये (१९९०) पारडे उलट दिसते. १९४६ साली झालेला नोंदणी विवाह दोघांनी विचारपूर्वक ठरवलेला. नंतर करारमदार, हक्क, देणग्या यांचा व्यवहारी भार मुख्यतः सुनीताबाईंनी वाहिला. मग येथे प्रश्न सुटला काय? तसे वाटत नाही. निर्णय घेणारी व्यक्ती बदलली, तरी दुसऱ्याने त्यात मनापासून भाग घेतलाच नाही तर निर्णय एकट्याचाच राहतो. या पुस्तकातील कडवटपणावर पुष्कळांनी बोट ठेवले. त्यामागचा एकटेपणा फार थोड्यांनी पाहिला. लेखिका कधीकधी स्वतःचीच वकिली करते, हा दोष मात्र नाकारता येत नाही.

हे सारे तटस्थपणे लिहिण्याचा अधिकार मला कितपत आहे, याची शंका आहे. शासकीय सेवेत माझ्या सात बदल्या झाल्या. पदोन्नतीसाठी दूरच्या जिल्ह्यात जाण्याचा होकार मी कार्यालयातूनच कळवला. घरी सांगितले ते संध्याकाळी, चहा घेताना. त्यामुळे पत्नीला शाळेतील कायम होऊ घातलेली नोकरी सोडावी लागली. भविष्यनिर्वाह निधीतून रक्कम काढून भूखंड घेतला, तेव्हाही तिने केवळ सही केली. मी तिला कशालाच ‘नाही’ म्हटले नाही, असे मला अनेक वर्षे वाटत होते. तिला कधी विचारलेच नाही, हे ‘स्मृतिचित्रे’ तिसऱ्यांदा वाचताना ध्यानात आले.

निवृत्तिवेतनाचा काही भाग एकरकमी घ्यावा की नाही, हा कागद पुढे आला तेव्हा तो मी प्रथम तिच्यासमोर ठेवला. तिने चष्मा लावून तो दोनदा वाचला आणि म्हणाली, “आज अचानक मला कशाला विचारता?” मजजवळ उत्तर नव्हते. दोन दिवस हिशेब मांडून आम्ही रक्कम न घेण्याचे ठरवले. तो निर्णय आर्थिकदृष्ट्या बरोबर होता की नाही, ते काळ ठरवील.

आत्मचरित्राचे समीक्षण करताना शैलीबरोबर हेही पाहावे: ‘आम्ही ठरवले’ असे लेखिका किती वेळा लिहू शकते, आणि ‘ह्यांनी ठरवले’ असे तिला किती वेळा लिहावे लागते. ही मोजणी रुक्ष वाटेल. पण एका पिढीच्या संसाराचा ताळेबंद तीतूनच हाती लागतो, आणि आपल्या स्वतःच्याही.