पहिलं वाक्य कोणाशी बोलतं?

२९ जून २०२० रोजी केंद्र सरकारने टिकटॉकसह ५९ अ‍ॅप्सवर बंदी घातली. त्यानंतर दहा दिवसांच्या आत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणल्या आणि सप्टेंबरमध्ये यूट्यूबने शॉर्ट्सची पहिली चाचणी भारतातच घेतली. मराठीत बोलण्याची, हसवण्याची, माहिती देण्याची आणि वस्तू विकण्याचीही जी नवी उमेद तेव्हापासून दिसते आहे, ती बरीचशी छोट्या व्हिडिओंच्या या उभ्या चौकटीत दिसते आहे. या चौकटीची एक अट मात्र कडक आहे. बोरिवलीच्या प्रबोधनकार ठाकरे नाट्यगृहात तिसरी घंटा होईपर्यंत प्रेक्षक तिकीट काढून, जागा शोधून, शेजाऱ्याशी दोन शब्द बोलून तयार झालेला असतो. मासिकाच्या वाचकासमोर मथळा आणि लेखकाचे नाव असते. दहिसरहून सुटलेल्या लोकलमध्ये चर्चगेटपर्यंतचा तास-सव्वा तास अंगठ्याने पडदा वर सरकवत बसलेल्या माणसाने यातले काहीच केलेले नसते. समोरचा व्हिडिओ त्याने निवडलेला नसतो, तो आपोआप सुरू होतो आणि नको असेल तर अर्ध्या क्षणात जातो. जाहिरात, मथळा, घंटा आणि नांदी या सगळ्यांचे काम इथे पहिल्या वाक्यावर येऊन पडते. धंद्यातली माणसे त्याला ‘हुक’ म्हणतात. माझे म्हणणे असे, की मराठीत ही कला जिवंत आहे आणि तिचे उत्तम नमुने आपल्यासमोर आहेत. पण हुक म्हणून जे शिकवले आणि गिरवले जाते त्यात ही कला जवळजवळ नाहीच.

गिरवले जाते ते असे: ‘थांबा, पुढे जाऊ नका.’ ‘९९ टक्के लोक ही चूक करतात.’ ‘हे तुम्हाला कोणीच सांगणार नाही.’ ‘शेवटपर्यंत बघा, शेवटची गोष्ट सर्वात महत्त्वाची आहे.’ सोन्यावरचे कर्ज असो, केसगळती असो, स्पर्धा परीक्षेचा अभ्यास असो की तुरीचे पीक, वाक्य तेच. ही वाक्ये इंग्रजी साच्यांवरून उतरवलेली आहेत. परक्या भाषेतून काही घेण्यात गैर नाही, आपली रंगभूमी आणि पत्रकारिता त्यावरच वाढली. गैर हे, की या वाक्यांना बोलणाराही नाही आणि ऐकणाराही नाही. विषय झाकून फक्त आवाज ऐकला तर समोर डॉक्टर आहे, दुकानदार आहे की शिकवणीचा मास्तर, तो तरुणाशी बोलतो आहे की आजीशी, नाशकात उभा आहे की नांदेडात, यातले काहीही कळत नाही. सगळा जोर एका युक्तीवर: काहीतरी लपवायचे आणि लपवल्याची दवंडी पिटायची. आरोग्य आणि पैसा या दोन क्षेत्रांत तर ही युक्ती धोक्याची ठरते. ‘ही साधी डोकेदुखी समजू नका’ या वाक्याने सुरू होणारा व्हिडिओ पाहणाऱ्याला आधी घाबरवतो, आणि पुढच्या चाळीस सेकंदांत भरपूर पाणी प्या एवढेच सांगून सोडून देतो. माहिती तिथेच संपते, भीती मात्र घरी जाते.

यावर पहिला आक्षेप येतो तो परंपरेच्या नावाने. आपला श्रोता निवांत होता, असे म्हटले जाते. तमाशात गण, मग गवळण, मग बतावणी आणि त्यानंतर वग. कीर्तनात नमन, पूर्वरंग आणि मगच आख्यान. अशा सावकाश सुरुवातीतून हुकच्या तीन सेकंदांसाठी काय घेणार? हा आक्षेप अर्धाच खरा आहे. कीर्तनाला माणसे ठरवून जात, पण वासुदेव आणि पोतराज न बोलावता दारात येत. घरातली बाई कामात असे, तिने बाहेर यावे की नाही हे काही क्षणांत ठरे. मोरपिसांची टोपी आणि चिपळ्या, किंवा आसूड आणि ढोलके, यांतून कोण आले आहे आणि कशासाठी, हे पहिला शब्द कानी पडण्याआधी कळत होते. हीच गोष्ट लोकलच्या डब्यातल्या फेरीवाल्याची. दहिसर ते बोरिवली हे अंतर काही मिनिटांचे, डबा भरलेला, लोक आपापल्या मोबाइलमध्ये. तो आत शिरताच वस्तू आणि किंमत सांगतो. ‘माझ्याकडे काय आहे ते ओळखा’ असे म्हणून तो उभा राहिला, तर बोरिवली येईपर्यंत त्याची एक पिनही खपायची नाही. न बोलावलेल्या श्रोत्यापुढे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या जी सुरुवात टिकली, ती उघड करण्याची सुरुवात होती.

प्रश्न विचारून सुरुवात करण्याचीही आपल्याकडे थोर उदाहरणे आहेत. ६ जुलै १८९७ च्या ‘केसरी’तला टिळकांचा अग्रलेख ‘सरकारचे डोके ठिकाणावर आहे काय?’ हा मथळा घेऊन आला. २२ जूनला पुण्यातला प्लेग-अधिकारी रँड याच्यावर गोळी झाडली गेली होती आणि पुण्यावर सरकारची करडी नजर होती. आजच्या ‘अखेर तो निर्णय झाला?’ छापाच्या बातमी-रीलमध्येही प्रश्नचिन्ह असते, पण दोन्हींत मूलभूत फरक आहे. टिळकांच्या प्रश्नात विचारणारा कोण, कोणाला विचारतो आणि त्याची बाजू कोणती, हे सगळे मथळ्यातच येते. उत्तर दडवलेले नसते, लेख त्या उत्तराची कारणे देतो. त्याच महिन्याच्या अखेरीस टिळकांना अटक झाली. खटला ‘केसरी’तल्या दुसऱ्या मजकुरावर होता, तरी त्या दिवसांत असा मथळा छापण्यातली जोखीम वाचकाला दिसत होती. रीलमधल्या प्रश्नचिन्हामागे कोणीच उभे नसते.

आज जिथे हे जमते, तिथे ते बोलीमुळे आणि नात्यामुळे जमते. मुंबईच्या उत्तर टोकापासून पनवेल-उरणपर्यंत पसरलेल्या वस्तीतली आगरी बोली विनायक माळी यांच्या व्हिडिओंमुळे विदर्भातही ओळखीची झाली. अंकिता वालावलकर यांच्या बोलण्यात मालवणी ठसका पहिल्या वाक्यापासून असतो. बारामती तालुक्यातल्या मोढव्याचा सूरज चव्हाण टिकटॉकवर ओळखला गेला आणि २०२४ मध्ये ‘बिग बॉस मराठी’च्या पाचव्या पर्वाचा विजेता झाला, त्याचे ‘गुलीगत’ कोणत्या शब्दकोशातून आलेले नाही, पण ते ऐकताच बोलणारा कोण हे कळते. भाडिपा या यूट्यूब चॅनेलच्या ‘आई आणि मी’ मालिकेतले भाग लांब आहेत, तरी तत्त्व तेच: आईने मुलाला टाकलेल्या एका वाक्यात घर, पिढी, वर्ग आणि जुने भांडण सगळे हजर. मराठीला इथे एक जन्मजात सोय आहे. ‘अहो’, ‘अगं’, ‘काय रं’, ‘आजी, ऐकताय ना’ यांतले काहीही उच्चारले की बोलणारा आणि ऐकणारा यांचे नाते ठरून जाते, आणि नाते ठरले की ऐकणारा क्षणभर का होईना थांबतो, कारण हाक त्याला आलेली असते. साच्यातली ‘मित्रांनो’ ही हाक कोणालाच लागत नाही. बोली वापरली तर प्रेक्षक आक्रसतो, ही भीती जाणकारांकडून अजूनही घातली जाते. वरची नावे पाहिल्यावर ती टिकत नाही. प्रेक्षक आक्रसतो तो नक्कल केलेल्या बोलीने, आणि शहरी निवेदकांनी चार मालवणी शब्द पेरून केलेल्या व्हिडिओंत ती नक्कल झटकन कळते.

दुसरा आक्षेप आकड्यांचा आहे, आणि तो अधिक वजनदार आहे. साचे चालतात म्हणूनच वापरले जातात, असे व्यावसायिक सांगतात, आणि घर चालवण्यासाठी व्हिडिओ करणाऱ्याला हे उडवून लावता येत नाही. पण चालले म्हणजे काय, हे तपासायला हवे. ३१ मार्च २०२५ पासून यूट्यूब शॉर्ट सुरू झाला किंवा पुन्हा सुरू झाला की एक व्ह्यू धरते, किती वेळ पाहिला याची अट न ठेवता. म्हणजे जो आकडा सगळे एकमेकांना दाखवतात, तो सुरुवातीबद्दल फार काही सांगत नाही. किती जण थांबले आणि किती जणांनी पुढे सरकवले याचे प्रमाण निर्मात्याला वेगळे दिसते, सरासरी किती वेळ पाहिला गेला हेही दिसते. भीतीचे वाक्य पहिल्या प्रमाणात जिंकू शकते, हे मी मान्य करतो. पण ‘शेवटपर्यंत बघा’ असे दहा वेळा ऐकून दहा वेळा फसलेला प्रेक्षक अकराव्या वेळी त्या वाक्यालाच निघून जाण्याची खूण समजतो. हे नुकसान एका चॅनेलच्या आकड्यांत दिसत नाही, कारण ते सगळ्यांचे मिळून होते: शेजारच्याने मोडलेल्या वचनाची किंमत प्रामाणिक माणूसही मोजतो. गर्दीच्या डब्यात आवाज बंद ठेवून पाहणाऱ्यांपुढे हाक कशी पोचणार, हा प्रश्नही रास्त आहे. तिथे पहिल्या चौकटीतला मजकूर आवाजाचे काम करतो, आणि तो आपण रोमन लिपीत किंवा निर्जीव प्रमाण मराठीत लिहून वाया घालवतो. मनुष्य बोलतो ‘काय वो मामा’ आणि अक्षरे उमटतात ‘नमस्कार मित्रांनो’. बोली देवनागरीत जशी ऐकू येते तशी लिहायला आपल्या कथालेखकांनी केव्हाच शिकवले आहे.

शॉर्ट्सची वेळमर्यादा ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन मिनिटांवर गेली, रील्सची जानेवारी २०२५ मध्ये. साच्यांवर चालणाऱ्यांनी वाढलेला वेळ लपवाछपवी ताणण्यात घातला: पूर्वी जे पन्नासाव्या सेकंदाला सांगत, ते आता दोन मिनिटे चाळीस सेकंदांनी सांगतात. ज्याने पहिल्याच वाक्यात विषय आणि बाजू उघड केली, त्याला हीच तीन मिनिटे पूर्वरंगासाठी मिळाली आहेत. शेतकऱ्याला ‘या पिकात तुमचे नुकसान होते आहे’ म्हणून थांबवणारा आणि ‘तुरीला फूल लागलंय, पण गळतंय, हो ना?’ म्हणून थांबवणारा, या दोघांकडेही वेळ सारखाच आहे. दुसऱ्याला मात्र तो गळतीची कारणे सांगायला पुरतो.