‘पांडुरंग हरि’ आणि ठाण्याचा मोतद्दार

इ. स. १८२६ हें साल मराठ्यांच्या इतिहासाच्या अभ्यासकांस ग्रँट डफच्या ग्रंथामुळें परिचित आहे. त्याच सालीं लंडन येथें मराठी मुलखाविषयीं आणखी एक तीन भागांचें पुस्तक प्रसिद्ध झालें. त्याचें नांव ‘पांडुरंग हरि, अथवा एका हिंदूच्या आठवणी’. ग्रंथकर्त्याचें नांव त्यावर नव्हतें; तें विल्यम ब्राउन हॉकले या मुंबई इलाख्यांतील कंपनीच्या नोकरानें लिहिलें, हें मागाहून ठरलें. दुसऱ्या बाजीरावाच्या वेळचा महाराष्ट्र ही त्याची रंगभूमि. आणि आईबापांचा पत्ता नसलेला, धन्यामागून धनी बदलणारा, प्रत्येक संकटांतून युक्तीनें निसटणारा एक भटक्या हा त्याचा नायक. कारस्थानें, पाळत, सोंगें आणि पलायनें यांची त्यांत रेलचेल असून सर्व कथन विनोदी अंगानें चालतें.

या पुस्तकाविषयीं कल्याण येथील कांहीं वाचनप्रिय स्नेह्यांशीं बोलण्याचा प्रसंग आला, तेव्हां तीन निरनिराळे अभिप्राय कानीं पडले. एका वृद्ध शिक्षकांनीं प्रस्तावना वाचून पुस्तक मिटलें. ‘राजापासून रयतेपर्यंत आम्ही सारे कृतघ्न आणि भित्रे, असें जो आरंभींच सांगतो, त्याची गोष्ट आम्हीं कां ऐकावी?’ असा त्यांचा सवाल. एक वकील मात्र तें हंसत हंसत शेवटपर्यंत वाचून गेले. विनोदी कादंबरीस पुरावा मागणें म्हणजे तमाशांतील सोंगाड्यास शपथ घालणें होय, असें ते म्हणाले. तिसरा अभिप्राय इतिहासाच्या एका विद्यार्थ्याचा. बखरींत जो पोटार्थी, सामान्य मनुष्य क्वचितच दिसतो, तो येथें पानोपानीं भेटतो. सबब हें पुस्तक सामाजिक इतिहासाचें साधन मानावें, असें त्याचें म्हणणें. तीनही अभिप्रायांत तथ्य आहे. परंतु तिन्हींत थोडथोडी गफलतही आहे, असें आम्हांस वाटतें.

शिक्षकांचा संताप अस्थानीं नाहीं. प्रस्तावनेंतील तें विधान सरसकट आहे. आणि तें करणारा मनुष्य कोण हें पाहिलें म्हणजे त्याची किंमत आणखी उतरते. हॉकले न्यायखात्याच्या कामावर होता. पुढें त्याच्यावरच लांच घेतल्याचा आरोप येऊन कंपनीची नोकरी त्याच्या हातची गेली. आमचा तर्क असा कीं, त्याच्या चित्रांतील काळिमा बराचसा कचेरींतून आलेला आहे. न्यायाधीशापुढें येतो तो भांडणारा, फसविणारा किंवा फसलेला मनुष्य. ज्याचें देणें फिटलें, ज्याच्या भाऊबंदांत समेट झाला, तो कचेरीची पायरी कशाला चढेल? त्या गर्दीलाच जो सारा मुलूख समजला, त्याच्या लेखणींतून असेंच चित्र उतरावयाचें. परंतु एवढ्यावरून पुस्तक मिटणें योग्य नव्हे. इंग्रज वखारवाल्यांचे आणि पोर्तुगीजांचे कागद त्यांतील निंदेसकट आपण अभ्यासितोंच. निंदकाची साक्ष घ्यावयाची ती उलटतपासणी करून, एवढेंच.

वकिलांचें म्हणणें वरवर पाहतां बिनतोड आहे. सोंगाड्यास शपथ घालूं नये हें खरें. पण सोंगाडाच साक्षीदाराच्या पिंजऱ्यांत जाऊन उभा राहिला तर? हॉकलेनें आपल्या पुस्तकास कादंबरी म्हटलें नाहीं. एका हिंदूच्या आठवणी, असें त्याचें बाह्य रूप ठेविलें. पुढें १८७३ सालीं नवी आवृत्ति निघाली, तिला मुंबईचे माजी गव्हर्नर सर बार्टल फ्रीयर यांची प्रस्तावना होती. येथील कारभार पाहिलेला अधिकारी ज्या पुस्तकाच्या पाठीशीं उभा राहतो, तें लंडनच्या सामान्य वाचकानें मराठ्यांच्या स्वभावाचें दर्पण मानलें, तर त्यांत नवल कसलें? या संबंधांत दुसरें एक उदाहरण लक्षांत घेण्याजोगें आहे. जेम्स मोरिएर याचें इराणविषयक ‘हाजी बाबा’ १८२४ मध्यें निघालें. तेंही याच घाटाचें; लुच्च्या नायकानें स्वमुखें सांगितलेलें. पण मिर्झा हबीब इस्फहानी यानें तें फारशींत अशा सरस भाषेंत उतरविलें कीं, परक्यानें केलेली थट्टा इराणी वाचकांस स्वतःच्या राज्यकर्त्यांवरील टीका म्हणून प्रिय झाली. गोष्ट तीच, सोंगें तींच. हंसणारा बदलतांच हंसण्याचा अर्थ बदलला. तेव्हां विनोद निरुपद्रवी आहे कीं नाहीं, हें विनोदावरून ठरत नाहीं. तो कोण ऐकतो आणि त्यास काय कळतें, यावरून ठरतें.

हेंच तत्त्व आमच्या ठाण्याच्या किल्ल्यांत एकदां प्रत्यक्ष घडलेलें आहे, आणि तेंही पांडुरंग हरीच्याच काळांत. जुलै १८१५ मध्यें पंढरपूर येथें गंगाधरशास्त्री पटवर्धन यांचा खून झाला. त्याचा ठपका त्रिंबकजी डेंगळे यांजवर ठेवून इंग्रजांनीं बाजीरावाकडून त्यांस आपल्या हवालीं करून घेतलें आणि ठाण्याच्या किल्ल्यांत कैदेंत ठेविलें. (आज तेथें मध्यवर्ती कारागृह आहे.) पहारा गोऱ्या शिपायांचा. किल्ल्यांतील एका इंग्रज अधिकाऱ्याकडे एक मराठा मोतद्दार चाकरीस होता. तो धन्याचा घोडा फिरवितांना कैद्याच्या खिडकीवरून जाई आणि सहज म्हटल्यासारखें गाणें म्हणे. निरोप त्या गाण्यांत असे. पहारेकऱ्यांस मराठी कळत नव्हतें. त्यांस तें नुसतें गाणें वाटलें. सप्टेंबर १८१६ मध्यें त्रिंबकजी निसटले. खाडीपलीकडे कल्याण प्रांत तेव्हां पेशव्यांचा होता. तो पुढें १८१७ च्या पुण्याच्या तहानें इंग्रजांकडे गेला.

हा वृत्तांत ग्रँट डफनें दिलेला आहे. त्रिंबकजी १८१८ मध्यें पुनः पकडले गेले व चुनारच्या किल्ल्यांत ठेवले गेले. बिशप हेबर यानें १८२४ मध्यें त्यांस तेथें पाहिलें, आणि त्याच्या १८२८ सालीं छापलेल्या प्रवासवृत्तांतही ठाण्याची ही हकीकत आहे. मात्र तेथें तें गाणें इंग्रजी पद्य होऊन येतें: घोडे पंचावन्न, स्वार चौपन्न, आणि पंचावन्नावा खोगिरावर बसला म्हणजे दख्खनचे दिवस पालटतील, असा त्याचा भावार्थ. संख्येचा संकेत चतुर आहे. झुडुपाआड दडलेले धनुर्धारी हे भिल्ल असूं शकतील. परंतु रानवाटांनीं जाणारा जो ‘नाइट’ त्यांत आहे, तो घोडबंदरच्या रानांतला नव्हे; तो इंग्रजी वीरगीतांतला आहे. मराठी मूळ हेबरनें दिलेलें नाहीं. म्हणून गाण्यानें निरोप गेला, एवढी गोष्ट डफच्या आधारें स्वीकारावी. गाण्याचे शब्द हेबरच्या काव्यरुचीच्या खातीं जमा करावे.

असा मोतद्दार कोणी कादंबरींत घातला असता, तर आपण त्यास अतिशयोक्ति म्हटलें असतें. पण हेराचें काम मुळांतच असें आहे. लोक ज्याकडे क्षुद्र म्हणून दुर्लक्ष करितात, तेंच सोंग त्याच्या उपयोगीं पडतें. म्हणून हेरकथेंत विनोद येणें हा इतिहासाचा उपमर्द नव्हे. दोष आहे तो निराळाच. ठाण्याच्या पहारेकऱ्यानें गाणें ऐकलें, अर्थ ऐकला नाहीं. ‘पांडुरंग हरि’ वाचून मराठ्यांचा स्वभाव कळला असें मानणारा लंडनचा वाचक त्याच पहारेकऱ्याच्या जागीं उभा होता.

राहिला विद्यार्थ्याचा अभिप्राय. तो आम्हांस सर्वांत मोलाचा आणि तितकाच धोक्याचा वाटतो. अशा पुस्तकांत लेखक जेथें उपदेश करितो अथवा मुद्दाम हंसवूं पाहतो, तेथें त्याची साक्ष धरूं नये. जेथें तो जातां जातां बोलून जातो, म्हणजे चाकराचा पगार, वाटेवरची चौकी, कचेरींतली रीत यांविषयीं, तेथें ती टिपून घ्यावी. तीही समकालीन दप्तरांतील कागदाशीं ताडून पाहिल्यावांचून साधन या पदवीस पोंचत नाहीं. या पद्धतीनें सटीप केलेली ‘पांडुरंग हरि’ची मराठी आवृत्ति रागावलेल्या आणि हंसणाऱ्या अशा दोन्ही वाचकांच्या उपयोगीं पडेल.

शेवटीं एक विनंति. ठाणें, कल्याण, भिवंडी या भागांतील जुन्या घराण्यांच्या दप्तरांत, जात्यावरच्या ओव्यांत किंवा वृद्धांच्या स्मरणांत घोड्यांच्या व स्वारांच्या संख्येचा असा संकेत असलेलें एखादें कडवें आढळल्यास वाचकांनीं तें जसेंच्या तसें, सांगणाऱ्याच्या उच्चारांसह, उतरून ठेवावें. मोतद्दाराचें नांव डफनेंही सांगितलेलें नाहीं. निदान त्याचे शब्द तरी त्याच्या भाषेंत परत यावेत.