रेणूंचा ‘चित्रपट’ : एका उपमेची तपासणी

१९९९ साली अहमद झेवेल यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक जाहीर झाले, तेव्हाच्या निवेदनात त्यांच्या तंत्राला जगातील सर्वांत वेगवान कॅमेऱ्याची उपमा दिली होती. ती लोकप्रिय झाली. पुढे अतिजलद लेसरने केलेल्या अनेक मोजमापांचे वर्णन ‘शास्त्रज्ञांनी रेणूंचा चित्रपट काढला’ असे होऊ लागले. उपमा आकर्षक आहे, वर्गात चटकन रुजते. परंतु हे ज्ञान कसे मिळाले, तेच ती झाकते, असा आमचा आक्षेप आहे. अवरक्त किरणांच्या मोजमापांचे उदाहरण घेऊन तो स्पष्ट करू.

रेणूतील बंध सतत कंप पावत असतात. अवरक्त किरणांची वारंवारता या कंपनांशी जुळली, की सामान्यतः ते शोषले जातात. प्रत्येक प्रकारच्या बंधाची वारंवारता वेगळी असल्याने अवरक्त वर्णपटावरून रेणू ओळखता येतो. मात्र साधा वर्णपट घ्यायला काही सेकंद तरी लागतात. त्यातून क्रियेपूर्वी काय होते आणि नंतर काय उरले, एवढेच समजते. मधले टप्पे पिकोसेकंदांत, कधी फेम्टोसेकंदांत उरकतात. एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाचा एक हजार अब्जांश, आणि त्याचाही हजारावा भाग!

एवढा वेगवान कोणताही अवरक्त शोधक उपलब्ध नाही. म्हणून लेसरचे दोन स्पंद वापरतात. पहिला क्रिया सुरू करतो. दुसरा, अवरक्त स्पंद, थोड्या विलंबाने नमुन्यातून जातो आणि त्यातले किती किरण शोषले गेले ते मोजतात. हा विलंब घड्याळाने नव्हे, आरसा सरकवून साधतात. आरसा ०.१५ मिलिमीटर मागे नेला, की प्रकाशाला जाऊन-येऊन ०.३ मिलिमीटर जास्त चालावे लागते आणि त्याला एक पिकोसेकंद लागतो. म्हणजे येथे वेळ मोजली जाते ती अंतराने! कॅमेऱ्याच्या उपमेत ही सुंदर युक्ती हरवून जाते.

आता मुख्य मुद्दा. सोलापुरातल्या नवी पेठेत एक कॅमेरा बसवला आहे आणि तो दिवसाला एकच छायाचित्र काढू शकतो, अशी कल्पना करा. पहिल्या दिवशी रस्त्यावरचे दिवे लागल्यावर एका मिनिटाने छायाचित्र घेतले, दुसऱ्या दिवशी दोन मिनिटांनी, असे साठ दिवस केले. ती साठ चित्रे ओळीने लावली, की पेठेतल्या संध्याकाळच्या एका तासाचा ‘चित्रपट’ तयार होईल. पण त्यात खरेदीला आलेल्या एकाही माणसाची वाटचाल दिसणार नाही. गर्दी कशी वाढली, एवढेच दिसेल. शिवाय रोजची संध्याकाळ सारखी असेल, तरच तो खरा. मध्येच सिद्धेश्वराची गड्डा यात्रा आली, तर त्या दिवसांची चित्रे फसवतील. प्रयोगशाळेतही असेच असते. प्रत्येक विलंबाला क्रिया नव्याने सुरू करतात, असंख्य रेणूंची सरासरी घेतात आणि नमुना दर वेळी सारखाच राहील याची काळजी घेतात.

एक प्रत्यक्ष उदाहरण पाहू. टायटॅनियम डायऑक्साइडच्या थरावर रुथेनियमयुक्त रंगद्रव्य चढवून सौर घट करता येतो. रंगद्रव्यावर प्रकाश पडला, की इलेक्ट्रॉन त्या थरात उडी घेतो आणि तेथे अवरक्त किरण शोषू लागतो. या शोषणावरून त्या उडीचा काळ मोजणारा एक शोधनिबंध १९९८ साली प्रसिद्ध झाला. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात काम केलेले हिरेंद्रनाथ घोष हे त्याच्या लेखकांपैकी एक. काळ निघाला सुमारे ५० फेम्टोसेकंद. पण स्पंदालाही स्वतःची लांबी असते. तिच्या आसपासचा काळ सरळ वाचता येत नाही. आलेखाला गणिती वक्र बसवून तो काढावा लागतो. पुढच्या मोजमापांत काही इलेक्ट्रॉन बरेच सावकाश, पिकोसेकंदांच्या हिशेबाने उडी घेतात, असेही दिसले. हा आकडा डोळ्यांनी पाहिलेला असता, तर अशी भर पडण्याचे कारणच नव्हते. तो पुराव्यावरून काढलेला निष्कर्ष होता, म्हणून तो तपासता आला.

उपमा टाकून द्यावी, असे आम्ही म्हणत नाही. तिच्या जोडीला एक प्रयोग द्यावा. दहा सारख्या फुलपात्रांत एकाच वेळी सारखेच गरम पाणी ओता. पहिल्याचे तापमान दोन मिनिटांनी, दुसऱ्याचे चार मिनिटांनी, असे प्रत्येकाचे एकदाच मोजा आणि आलेख काढा. अकराव्या फुलपात्रात दुसरा तापमापक सतत ठेवून त्याच्या नोंदींशी तो ताडून पाहा. मग हाच प्रयोग पुन्हा करताना मधल्या एका फुलपात्रात मुद्दाम निम्मेच पाणी घ्या आणि आलेखावरचा कोणता बिंदू चुकार आहे, तो का, हे विद्यार्थ्यांना शोधू द्या.