इंग्रजीच्या मास्तरांचं जपान

जपानवर इंग्रजीत लिहिलेली पुस्तकं एकामागून एक वाचत गेलं की लक्षात येतं, लिहिणाऱ्यांतले बरेच जण तिथे इंग्रजी शिकवायला गेलेले होते. वकिलातीतले लोक, व्यापारी, मिशनरी हेही लिहीत होतेच. पण मास्तरांचं लेखन वेगळं ओळखू येतं. जे काम करायला त्यांना बोलावलेलं असतं ते त्यांना जन्मापासून येत असतं, आणि त्यातून वेळ भरपूर उरतो. त्या उरलेल्या वेळात दोन गोष्टी वाढीला लागतात, छंद आणि मतं. सव्वाशे वर्षांतलं हे लेखन वाचून माझी अशी समजूत झाली आहे की छंदातून आलेलं टिकलं आणि मतांतून आलेलं बहुतांशी विटलं. बहुतांशी म्हणायचं, कारण एक अपवाद आहे आणि तो साधासुधा नाही.

या परंपरेचा मूळ पुरुष लाफ्काडिओ हर्न. १८९० साली तो एका अमेरिकन मासिकासाठी लिहायला म्हणून जपानात उतरला, प्रकाशकांशी त्याचं बिनसलं आणि पोटासाठी मात्सुए या गावात त्याने मास्तरकी धरली. ती मिळवून देण्यात बेझिल हॉल चेंबरलेन या दुसऱ्या मास्तराचा हात होता. हर्नच्या १८९४च्या 'ग्लिम्प्सेस ऑफ अनफॅमिलियर जपान'मध्ये 'एका इंग्रजी शिक्षकाच्या डायरीतून' अशा अर्थाच्या शीर्षकाचं एक लांब प्रकरण आहे. त्यात तो मुलांचे निबंध उतरवून देतो, कोण कसा बसतो, कोण काय विचारतो ते सांगतो. त्याचे दोन लाडके विद्यार्थी आजारपणात जातात, ती पानं आजही जड जातात.

पण हर्न खरा फुलतो तो किड्यांवर लिहिताना. १८९८ साली आलेला त्याचा गाणाऱ्या किड्यांवरचा निबंध घ्या. जपानात हे किडे पिंजऱ्यात घालून विकण्याचा रीतसर धंदा होता. हर्न तो धंदा कसा सुरू झाला ते सांगतो, कुठला किडा कसा ओरडतो ते सांगतो आणि चक्क बाजारभाव देतो. 'क्वायदान'मधला (१९०४) डासांवरचा निबंध तर त्याहून मजेदार. घराजवळच्या बौद्ध स्मशानातल्या पाण्याच्या भांड्यांत डास होतात, ते मारायचे तर भांडी हटवायला हवीत. मग हा गृहस्थ म्हणतो की असू देत, पुढच्या जन्मी मीच तिथे डास होऊन जन्मलो तर ओळखीच्या काही लोकांना चावता येईल. या लेखनात 'जपानी माणूस असा असतो' हे वाक्य कुठे लागत नाही. किड्यांपुढे मास्तर शिकाऊ झालेला असतो.

आता त्याच डायरीतली दुसरी जागा. एक विद्यार्थी त्याला सांगतो की आधीच्या एका परदेशी शिक्षकाच्या मते सम्राटाच्या छायाचित्राला वाकून नमस्कार करणं हा रानटीपणा आहे. हर्न त्याला उलट सल्ला देतो. सम्राटाचा मान राखणं हे तुझं कर्तव्यच आहे, कोणी त्याची निंदा केली तर तुला राग यायला हवा. वाचताना हर्न आवडतो. आलेल्या देशाच्या रीतीला नावं न ठेवणारा पाहुणा कोणाला आवडणार नाही? फक्त काळ बघावा. ऑक्टोबर १८९० मध्ये शिक्षणासंबंधीची शाही आज्ञा निघाली आणि शाळाशाळांतून तिच्यापुढे वाकणं सुरू झालं. जानेवारी १८९१ मध्ये तोक्योत उचिमुरा कान्झो या ख्रिस्ती शिक्षकाने त्या आज्ञेवरच्या सम्राटाच्या सहीपुढे पुरेसं वाकायचं नाकारलं. देशभर गदारोळ उठला आणि त्याची नोकरी गेली. हर्नचं मत सहृदय होतं, पण ते पडलं सरकारच्या पारड्यात. न वाकण्याची किंमत देणारा माणूस जपानीच होता, आणि हर्नच्या त्या आपुलकीच्या चित्रात त्याच्यासाठी जागा नाही.

चेंबरलेन याच्या अगदी उलटा. १८७४ पासून नौदलाच्या शाळेत इंग्रजी शिकवता शिकवता तो जपानीचा एवढा पंडित झाला की पुढे तोक्योच्या विद्यापीठात जपान्यांनाच जपानी भाषा शिकवू लागला. 'थिंग्ज जॅपनीज' (१८९०) हा त्याचा मतांचा कोश, अक्षरानुक्रमे लावलेला. त्यातलं पुष्कळ आज वाचवत नाही. जपानी संगीताला संगीत म्हणण्यातच त्या शब्दाचा अपमान आहे, अशा थाटाची नोंद त्यात आहे. बाशोच्या कवितांना तो चटकदार उक्तींच्या खणात टाकतो. सगळं ठाऊक असलेल्या माणसाचा कंटाळा या पुस्तकातून वाहतो.

याच पुस्तकात पुण्याशी नातं असलेल्या एका माणसाचा किस्सा येतो. 'लाइट ऑफ एशिया'चा कवी एडविन अर्नोल्ड १८५७च्या सुमारास पुण्याच्या सरकारी संस्कृत कॉलेजचा (पुढचं डेक्कन कॉलेज) प्राचार्य होता. १८८९ साली तो जपानात गेला आणि एका मेजवानीत त्याने जपानची कला, निसर्ग आणि लोकांचा गोडवा यांची तोंड भरून स्तुती केली. दुसऱ्या दिवशी एक वर्तमानपत्र भडकलं. आमचे कारखाने, आमचं सैन्य, आमचं राजकारण यांबद्दल चकार शब्द नाही, आम्ही काय शोभेच्या वस्तू आहोत? चेंबरलेन हे थोडं हसत सांगतो. त्या संपादकाचं म्हणणं मला पटतं. तोंडभर स्तुतीतही हुकूम सुनावल्यासारखा सूर असतो, आणि कॉलेज चालवलेल्या माणसाच्या तोंडी तो लवकर बसतो.

तरीही अपवाद म्हटलं तो चेंबरलेनच. १९१२ साली त्याने 'एका नव्या धर्माचा शोध' अशा अर्थाच्या नावाची पुस्तिका काढली. सम्राटपूजा आणि बुशिदो हे सनातन वगैरे काही नाहीत, नोकरशाहीने अलीकडेच घडवून शाळांमधून पसरवलेलं हे बांधकाम आहे, असं त्याने त्यात सरळ मांडलं. किड्यांवर जीव लावणाऱ्याला जे दिसलं नाही ते या तुसड्या माणसाला दिसलं. माझ्या छंद-मतांच्या सिद्धांताला इथे मोठं भोक पडतं आणि ते बुजवायची मला घाई नाही. एक मात्र नोंदवायला हवं. ही पुस्तिका आली तेव्हा चेंबरलेन जपान कायमचा सोडून जिनिव्हात राहायला गेला होता. वर्गासमोर उभा असताना त्याने हे एवढ्या उघडपणे लिहिलं नव्हतं.

या गोष्टीचा पुढचा टप्पाही एका इंग्रजीच्या मास्तराच्याच हातून गेला. आर. एच. ब्लाइथ कानाझावात शिकवत होता. युद्ध पेटल्यावर शत्रुदेशाचा नागरिक म्हणून तो स्थानबद्ध झाला. सुटल्यावर तो गाकुशूइनमध्ये शिकवू लागला, युवराज अकिहितोंना शिकवू लागला आणि राजवाडा व अमेरिकन अंमल यांच्यात निरोप नेण्या-आणण्याचं कामही करू लागला. १ जानेवारी १९४६ रोजी सम्राटांनी आपण देव नसल्याचं जाहीर केलं, त्या निवेदनाच्या घडणीत ब्लाइथचा भाग होता. हर्नने मुलाला वाकायला सांगितलं त्याला तेव्हा साधारण पंचावन्न वर्षं झाली होती.

ब्लाइथचं नाव राहिलं आहे ते मात्र हायकूंमुळे. १९४९ ते १९५२ या काळात आलेले त्याचे चार खंड ऋतूंप्रमाणे लावलेले आहेत. हायकूला चटकदार उक्तीच्या खणातून बाहेर काढण्याचं श्रेय या खंडांना द्यावंच लागतं. तेही निर्मळ नाहीत. जिथे तिथे झेन पाहण्याची खोड आहे, आणि पुढे लिहिलेल्या इतिहासात बायकांच्या हायकूंबद्दलची तुच्छता आहे. मराठीत हायकू रुजवला शिरीष पै यांनी. हे ब्लाइथला कोणी तरी कळवायला हवं होतं.

विल्यम एम्पसन १९३१ ते १९३४ तोक्योत शिकवत होता. त्याला नाद लागला बुद्धमूर्तींच्या चेहऱ्यांचा. चेहऱ्याची डावी बाजू आणि उजवी बाजू वेगवेगळं सांगतात, ही त्याची कल्पना. ती तपासायला तो नारापासून आशियाभर हिंडला. हस्तलिखित हरवलं, पुढे कित्येक वर्षांनी ब्रिटिश लायब्ररीत सापडलं आणि २०१६ साली छापलं गेलं. कल्पना सगळी पटत नाही, पण प्रत्येक मूर्तीपुढे तो इतका वेळ उभा राहतो की आपणही उभे राहतो.

१९८७ साली जपान सरकारने 'जेट' योजना सुरू केली आणि परदेशी पदवीधर शाळाशाळांतून सहायक शिक्षक म्हणून जाऊ लागले. करार वर्षाचा, वाढवता येणारा. पुस्तकांचा पूर आला. त्यांतल्या बहुतेकांत तेच ते. चॉपस्टिक धरता येतात म्हणून होणारं कौतुक, आगगाडीत शेजारी रिकामी राहणारी जागा, शिक्षकांच्या खोलीतली न संपणारी बैठक. वर्षाच्या करारात प्रत्येक सण एकदाच येतो, आणि एकदा पाहिलेल्या गोष्टीवर मत सर्वांत लवकर बनतं. ब्रूस फायलरचं 'लर्निंग टू बो' (१९९१) बारकाईचं आहे, पण दर थोड्या पानांनी निष्कर्ष काढायची घाई त्यालाही आहे. रॉबर्ट ट्विगरचं 'अँग्री व्हाइट पजामाज' त्याहून सरस वाटतं. तोक्योत इंग्रजी शिकवणारा हा माणूस दंगलविरोधी पोलिसांबरोबर वर्षभर आयकिदोचं कठोर प्रशिक्षण घेतो. गुडघे सोलवटलेला माणूस मतं जरा जपून देतो. विल फर्ग्युसन क्यूशूत शिकवत होता. तो दक्षिण टोकापासून उत्तर टोकापर्यंत साकुराच्या बहरामागोमाग अनोळखी लोकांच्या गाड्यांतून गेला. 'होक्काइडो हायवे ब्लूज'मध्ये त्याच्या मतांना शेजारच्या सीटवरून लगेच उत्तर मिळतं, आणि मला त्या पुस्तकाची खरी ताकद तीच वाटते.

हे सगळं परक्यांचं झालं. याच धंद्यातला एक जपानी माणूस नात्सुमे सोसेकी. हर्ननंतर काही वर्षांनी कुमामोतोच्या त्याच शाळेत इंग्रजी शिकवायला गेलेला, आणि १९०३ मध्ये विद्यापीठाने हर्नला निरोप दिल्यावर त्याच्या जागी आलेल्यांतला एक. त्याआधी तो शिकोकूतल्या मात्सुयामात इंग्रजी शिकवायचा. १९०६च्या 'बोच्चान' कादंबरीत त्याने तोक्योचा एक तरुण मास्तर शिकोकूतल्या अशाच गावात पाठवला आहे. तो शिकवतो गणित, पण गावाबद्दलची त्याची मतं कुठल्याही परदेशी मास्तराला शोभतील अशी. सगळे अडाणी, सगळे लबाड, जेवण बेचव. रात्री मुलं त्याच्या अंथरुणात नाकतोडे सोडतात. तो संतापून मुलांना बोलावतो आणि त्या किड्याचं नाव घेऊन जाब विचारतो. एक मुलगा गावच्या बोलीत शांतपणे सांगतो की गुरुजी, तुम्ही म्हणता तो हा किडा नव्हे, याला दुसरं नाव आहे.